तडकलेली उटी

“तापलाय कोण, तेवढं आधी सांग,” माई म्हणाल्या.

“देव तापलाय, माई.”

“कशावरून?”

“उटी तडकते आहे. तृतीयेपासून कालच्या दशमीपर्यंत, सलग आठ दिवस. भर दुपारी.”

मठातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या त्या माईच. सभामंडपात बसून, मांडीवर कापूस घेऊन त्या फुलवाती वळत होत्या. मोतीबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांपुढे धुकं होतं. पण वात वळायला डोळे लागत नाहीत, असं त्या म्हणत, आणि त्यांच्या वाती पाहिल्यावर कोणी वाद घालत नसे.

मठाचा पुजारी विद्याधर समोर बसला होता. पाठ ताठ, उपरण्याच्या घड्या जिथल्या तिथे.

शेवरगव्हाणच्या मठातला देव नृसिंह. खांब फोडून आलेला आणि आल्यापासून रागावलेला. त्याचा राग निवावा म्हणून चैत्राच्या पाडव्यापासून वैशाखातल्या नृसिंहजयंतीपर्यंत त्याला रोज सकाळी चंदनाची उटी लावायची, संध्याकाळच्या आरतीनंतर ती उतरवायची आणि प्रसाद म्हणून सगळ्यांच्या कपाळाला लावायची, असा तिथला रिवाज. उतरवण्यापूर्वी पुजारी उटीवर एक बोट टेकवी. ठसा उमटला की देव शांत आहे, असं समजून गाव जेवायला जाई.

चंदन उगाळण्याच्या पाळ्या घरागणिक ठरलेल्या होत्या आणि सभामंडपातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या होत्या. शेवटचे बारा दिवस, म्हणजे तृतीया ते जयंती, हा मान गयाबाईंच्या घराचा.

आणि त्याच बारा दिवसांत उटी तडकू लागली होती.

“मी नियम सांगितला आहे,” विद्याधर म्हणाला. “ज्याच्या पाळीत उटी तडकेल त्याने तीन दिवस उपास करायचा. तरीही तडकली, तर पाळी बंद. गयाबाईंचे उपास झाले. आज संध्याकाळी फळ्यावरचं नाव पुसावं लागेल.”

“म्हणजे दोष गयाचा.”

“मी म्हणत नाही, माई; प्रमाण म्हणतं. चैत्रभर इतरांच्या पाळ्या झाल्या, एकदाही तडा गेला नाही. गयाबाईंची पाळी लागली त्याच दिवशी पहिला तडा. त्या नव्हत्या तेव्हा तडा नव्हता, त्या आल्या आणि तडा आला. न्यायशास्त्रात याला अन्वयव्यतिरेक म्हणतात.”

“मोठा शब्द आहे,” माई कौतुकानं म्हणाल्या. “तृतीयेला आणखी काही झालं होतं का रे?”

“विशेष काही नाही.”

गाभाऱ्यामागच्या पडवीतून आवाज आला. चंदन तिथेच उगाळलं जाई, आणि तिथे बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येई.

“माझ्या सासूनं चाळीस वर्षं उगाळलं, मी एकवीस. एवढ्या वर्षांत तापला न्हाई, आन आताच कामून तापला? माझं तोंड बघून?”

“गयाबाई, प्रश्न मनातल्या भावाचा आहे.”

“भाव हाय की! उपास करून करून मीच तडकाया आले, पर भाव हाय.”

माई हसल्या. विद्याधर हसला नाही. त्याला गयाबाईंचा राग नव्हता; त्याला फक्त निष्कर्षाची चाड होती. वाराणसीला नऊ वर्षं न्याय आणि वेदान्त शिकून तो मठात परतला होता, आणि निष्कर्ष कोणाच्या सोयीसाठी वाकवायचा नाही, हे त्यानं तिथे मन लावून शिकून घेतलं होतं.

“बरं,” माई म्हणाल्या. “जयंतीच्या प्रवचनाचं काय ठरलं?”

आता त्याचा चेहरा उजळला.

“विषय जाहीर झाला आहे. ‘तापलेली पृथ्वी आणि ईश्वरेच्छा’. हल्ली मोबाइलवर सकाळी सहापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत थेट दर्शन चालू असतं ना, त्यामुळे परगावचे लोकही ऐकतील. दहा हजारांच्या घरात.”

“आणि सांगणार काय?”

विद्याधरनं आवाज किंचित खाली आणला. तो खाली आणला की अधिक दूरवर पोचतो, हे त्याला ठाऊक होतं.

“यंदा फाल्गुनात गारपीट झाली. चैत्रात नदीचं पात्र उघडं पडलं. आता पंचेचाळीस अंशांवर पारा आहे. लोक विचारतात, शास्त्रीजी, हे काय चाललंय? विद्वान सांगतात, धूर माणसानं केला, पृथ्वी माणसानं तापवली. मी म्हणणार आहे की हा अहंकार आहे. ज्याला स्वतःचा श्वास घटकाभर धरून ठेवता येत नाही, तो ऋतू बदलणार? ऋतू त्याचे, मेघ त्याचे, तापही त्याचाच. कर्ता तो एक!”

शेवटच्या वाक्याबरोबर त्याची उजवी तर्जनी वर गेली. हे बोट प्रसिद्ध होतं. प्रवचनांच्या प्रत्येक जाहिरातीत ते होतं.

“छान बोललास,” माई म्हणाल्या. “म्हणजे आभाळ तापवण्याइतकी ताकद माणसात नाही.”

“मुळीच नाही.”

“पण देव तापवण्याइतकी गयात आहे.”

…

बोट खाली आलं.

पडवीतून पदरात दाबलेलं हसू ऐकू आलं.

“सेवेतला दोष वेगळा, माई,” तो म्हणाला. “तिथे माणूस सेवक आहे. इथे तो स्वतःला मालक समजतो. माणसानं सृष्टी बिघडवली, असं एकदा मान्य केलं, की सृष्टी माणसाच्या हातात गेली. मग तिच्यात देवाचं काय उरलं?”

हे मात्र त्यानं प्रवचनाच्या आवाजात विचारलं नव्हतं. माईंनी वात खाली ठेवली.

“पोरानं घरभर पसारा केला, म्हणून घर बापाचं राहत नाही होय रे?”

विद्याधरनं उपरण्याची एक घडी पुन्हा बसवली, आणि अंगणात टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पोतून शकील उतरला. तालुक्याच्या गावी त्याचं वायरिंगचं दुकान होतं आणि मठातली सगळी विजेची कामं तोच करी. परगावच्या एका भक्तानं देवासाठी वातानुकूलन यंत्र पाठवलं होतं, ते आज गाभाऱ्यात बसायचं होतं. विद्याधरनं त्या भक्ताला स्वतः शब्द दिला होता.

“सलाम, माई. शास्त्रीजी, आतलं मशीन कुठं लावायचं ते कळलं. बाहेरचं कुठं लावू?”

“बाहेरचं म्हणजे?”

“दोन डबे असतात ना. एक आत, एक बाहेर.”

“गारवा तर आतल्यातून येतो. मग बाहेरचा कशाला?”

शकीलनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माईंकडे. आपली चेष्टा चालली नाही ना, याची त्यानं खात्री करून घेतली.

“मशीन गारवा तयार करत नाही, शास्त्रीजी. आतली गरमी उचलतं आणि बाहेर टाकतं. वर स्वतःची थोडी मिसळून. आमच्या मशिदीत आठ मशिनी मीच बसवल्या. आत असं गारेगार, की नमाज झाली तरी कोणी उठत नाही. आणि मागच्या गल्लीतले लोक मला नाव घेऊन शिव्या देतात.”

“मग इथे मागच्या भिंतीला लाव,” विद्याधर म्हणाला.

“मागं मी बसते!” पडवीतून आवाज आला. “लावा, लावा. पुढून देव तापलाय, मागून मला तापवा.”

“उत्तरेला लाव.”

“तिकडे गोठा आहे, शास्त्रीजी. गाई दूध देणं बंद करतील.”

माईंनी पुन्हा कापूस उचलला. “दक्षिणेला लाव रे, शकील. तिकडे कोणी नाही.”

“दक्षिणेला माझी खोली आहे, माई! खिडकीच्या समोरच येईल ते.”

“हो का? मला वाटलं, तिकडचेही ऋतू त्याचेच असतील.”

…

शकीलनं मान फिरवून टेम्पोकडे पाहिलं. हसू लपवायला त्याच्याजवळ पदर नव्हता.

विद्याधरचे कान लाल झाले. पण तो खोटा माणूस नव्हता. उत्तर सुचत नसलं, तर ते सुचल्याचा आव त्याला आणता येत नसे.

“मशीन संध्याकाळपर्यंत टेम्पोतच राहू दे,” माई म्हणाल्या. “विद्याधर, आज एकादशी. तुझा उपास निर्जळी. मन शुद्ध, भावात खोट नाही. आजची उटी तू उगाळ.”

त्यानं क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा पुन्हा खुलला. यात परीक्षा नव्हती, पुरावा होता. तोच चंदनाचा तुकडा, तीच सहाण, तोच देव. बदलणार फक्त उगाळणारा. त्याच्या अन्वयव्यतिरेकातला उरलेला दुवा माईंनी स्वतःहून पुढे केला होता.

“आणि तडकली नाही,” तो म्हणाला, “तर गयाबाईंचं नाव पुसायचं.”

“पुसू. आणि तडकली तर?”

“तडकणार नाही, माई.”

पडवीत गयाबाईंनी त्याला सहाणेपुढे बसवलं. साठीच्या आतबाहेरच्या, काटक बाई. आपलं नाव पुसायला निघालेल्या माणसाला पाट द्यायला त्या विसरल्या नाहीत.

“खोड असं न्हाई धरायचं, शास्त्रीबुवा. पेन न्हाई ते.”

त्यानं पकड बदलली.

“जोर नगा देऊ. भांडत न्हाई आपुन त्याच्यासंगं. पाणी थेंबानं. गोल फिरवा… गोल म्हणलं मी. हे काय, अंडं काढलंत.”

“गयाबाई, मी मंत्र म्हणतो आहे.”

“म्हणा की. तोंड मंत्राला, हात माझ्याकडं.”

पाऊण तासात खांदा भरून आला. दीड तासात त्याला मंत्र आठवेनासा झाला. एवढं करून वाटीच्या तळाशी जे जमलं, ते पाहून गयाबाईंनी मान एका बाजूला कलती केली, आणि मग त्यांना दया आली.

“पयल्या डावाला येवढंच निघतं. माझं तर त्येवढंबी निघालं नव्हतं. सासूनं वाटी डोक्यावर मारली होती.”

त्यांनी आपल्याला धीर दिला, हे त्याच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. उटी पुरेशी व्हायला साडेनऊ वाजले. त्यात वाळ्याचं पाणी आणि केशर घालून विद्याधरनं ती स्वतःच्या हातानं देवाला लावली: आधी कपाळ, मग गाल, आयाळ, छाती, शेवटी पाठ आणि खांदे. पिवळ्या उजेडात देव सोन्याचा दिसू लागला. सभामंडपातल्या तिकाटण्यावरचा मोबाइल हे दर्शन गावोगाव पोचवत होता.

विद्याधर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसला आणि आपल्या मनावर पहारा ठेवू लागला. एकही मलिन विचार आत येता कामा नये. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण वैशाखात घाम आला, तर त्याचं कारण कोण शोधतं?

साडेअकराला देवाच्या नाकपुडीशी एक बारीक रेघ दिसली.

ती सावली असावी, असं त्यानं ठरवलं.

पावणेबाराला ती रेघ गालावरून खाली उतरली. मग आयाळीत एक निघाली. मग छातीवर तीन. बारा वाजता उटीचा एक पापुद्रा सुटला आणि देवाच्या मांडीवर पडला.

…

गयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हसू त्यांनी पदराआड ठेवलं होतं. हा त्यांचा मोठेपणा, आणि तो फार टिकला नाही.

“शास्त्रीबुवा, उपास कवापासून धरताय?”

“उद्यापासून,” विद्याधर म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. “आज एकादशीच आहे. ती प्रायश्चित्तात धरता येणार नाही.”

“तेवढं मातर खरं.”

त्यानं पहाटेपासूनचं आपलं मन तपासलं. थोडा गर्व सापडला. पण गर्व कालही होता, चैत्रातही होता, आणि चैत्रात उटी तडकली नव्हती. म्हणजे गर्व हे कारण टिकत नव्हतं. गयाबाई हे कारण तर आता उरलंच नव्हतं. मग तिसरं काहीतरी असायला हवं. जे चैत्रात नव्हतं आणि तृतीयेपासून आहे, असं काहीतरी.

तो उठला आणि मूर्तीला वळसा घालून मागे गेला. अरुंद जागा होती. तिथे सहसा कोणी जात नसे. देवाच्या पाठीवर अंधार होता. त्यानं तिथल्या उटीवर बोट टेकवलं.

ठसा उमटला.

त्यानं बोट उचललं, खांद्यापाशी टेकवलं. ठसा. मानेच्या मागे. ठसा. कानाच्या पुढे आला, तर बोटाखाली खपली.

देव पुढून तापला होता आणि मागून शांत होता.

असा कोप त्यानं कोणत्याही ग्रंथात वाचला नव्हता.

मूर्तीची पुढची बाजू नीट दिसावी म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या दिव्याची मान वळवायला हात घातला.

“आई गं!”

“आता कोण तापलं?” सभामंडपातून माईंनी विचारलं.

…

विद्याधर आपल्या तर्जनीकडे पाहत उभा होता. टोकाला पांढरा चट्टा उठला होता, त्याच्या कडा लाल होत होत्या. मग त्यानं दिव्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या आणि चौथ्या. हे चारही दिवे थेट दर्शनासाठी शकीलनं लावले होते आणि रोज सकाळी सहाला त्यांचं बटण विद्याधर स्वतः याच तर्जनीनं दाबायचा; ते काम तो कोणाला देत नसे. देवाच्या डोक्यावर एक झरोका होता. त्यातला उन्हाचा पट्टा मोबाइलला चालत नव्हता, म्हणून तिथे प्लायवूड ठोकलेलं होतं.

“तृतीयेला…” तो म्हणाला.

“तृतीयेला विशेष काही झालं नव्हतं,” माई म्हणाल्या.

शकील आत डोकावला. “पाचपाचशेचे हॅलोजन आहेत, शास्त्रीजी. दोन हजार वॅट. मी म्हटलं होतं, एलईडी लावू, तापत नाहीत. तुम्ही म्हणालात, देव पांढराफटक दिसतो, सोन्यासारखा उजेड पाहिजे.”

“म्हणालो होतो.”

“झरोका बंद करताना पण मी विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

त्यानं आणखी काही बोलण्यापूर्वी विद्याधर भिंतीपाशी गेला आणि त्यानं भाजलेल्या बोटानंच बटण दाबलं. दुसरं बोट वापरता आलं असतं, हे त्याला सुचलं नाही.

गाभारा अंधारला. समईची ज्योत, जी आठ दिवस कोणाला दिसली नव्हती, ती पुन्हा दिसायला लागली.

बाहेर मोबाइल टुणटुण वाजू लागला. शकीलनं वाचून दाखवलं. “एक जण म्हणतोय, दर्शन बंद का? दुसरा म्हणतोय, नेट गेलं. आणि हे सोलापूरचे काका विचारतात, देव कोपला का?”

“त्यांना सांग, निवतोय,” माई म्हणाल्या.

शकीलनं शिडी आणून झरोक्याचं प्लायवूड उपटलं. देवाच्या डोक्यावरून हवेची झुळूक खाली उतरली. गरमच होती, पण हलत होती. दुसऱ्यांदा चंदन उगाळायला दोघं बसली. गयाबाई सहाणेवर आणि विद्याधर पाण्याचे थेंब घालायला, कारण त्याच्या बोटाला खोड धरवत नव्हतं. यावेळी अर्ध्या तासात वाटी भरली. थेंब कधी घालायचा, एवढंच त्यानं त्या अर्ध्या तासात शिकून घेतलं, आणि ते न्यायशास्त्राइतकं सोपं नव्हतं.

सव्वा वाजता उटी लागली.

दोन वाजले. तीन वाजले. बाहेर अंगणातली फरशी पाय ठेवू देत नव्हती. साडेचारला गयाबाई एकदा आत डोकावल्या आणि परत गेल्या. पडवीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

संध्याकाळी आरती झाली. गाव जमलं होतं. नाव पुसलं जाणार, ही बातमी दुपारीच पसरली होती. बोट टेकवण्याचा मान पुजाऱ्याचा, म्हणजे विद्याधरचा. तो मूर्तीपाशी गेला, थांबला आणि मागे वळला.

“गयाबाई, तुम्ही या.”

“मी? मी कशी? आमच्या घराला उगाळायचा मान हाय, टेकवायचा न्हाई.”

“माझं बोट आज भाजलं आहे.”

गयाबाईंनी हात पदराला पुसला आणि देवाच्या गालावर बोट टेकवलं. उचललं. समईच्या उजेडात ठसा इतका स्पष्ट होता, की रेषा मोजता आल्या असत्या.

“निवला ग बाई,” त्या म्हणाल्या, आणि बोटाला लागलेली उटी त्यांनी कपाळाला लावली.

विद्याधर फळ्यापाशी गेला. ओलं फडकं त्याच्या हातात होतं. त्यानं गयाबाईंच्या नावाला हात लावला नाही. फळ्याच्या तळाशी त्याच्याच सुंदर अक्षरात नियम लिहिला होता, तो त्यानं पुसला आणि त्या जागी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत लिहिलं: “तृतीयेपासून उटी तडकली, ती माझ्या दिव्यांमुळे.” खाली सही केली.

गावात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, शास्त्रीबुवांचं अक्षर आज जरा वाकडं आलंय. मग सगळे जेवायला गेले.

शकील टेम्पोपाशी उभा होता. “मशीन परत नेऊ, माई?”

“ने बाबा. ज्यानं पाठवलं त्याला सांग, देवाला पोचलं. आणि शकील, तुझे ते न तापणारे दिवे…”

“दोन पुरतील, माई. फक्त आरतीपुरते. पण देव जरा फिका दिसेल हां.”

“मला तसाही कुठं दिसतो?”

टेम्पो गेला. गयाबाईंनी उतरवलेल्या उटीची वाटी माईंपुढे ठेवली आणि त्याही घरी निघाल्या. जाताना विद्याधरला म्हणाल्या, “उद्या सहाला या. आन नखं काढून या.”

मंडपात दोघंच उरली. दिवेलागणीची वेळ होती. माईंनी सकाळी वळलेल्या वातींपैकी एक त्यानं समईत घातली.

“तुम्हाला ठाऊक होतं, माई?”

“मला डोळ्यांनी दिसत नाही रे. पण नमस्काराला वाकले, की आठ दिवस दोन्ही गालांना ऊन लागायचं. गाभाऱ्यात ऊन कुठलं?”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठं? तू सांगत होतास.”

…

त्यानं समईत तेल घातलं. नंतर बोलला तेव्हा त्याच्या आवाजात प्रवचन नव्हतं.

“जयंतीचं प्रवचन तीन दिवसांवर आलं, माई. विषय जाहीर झाला आहे. विषय बदलणार नाही मी, पण आता बोलू काय? मी गाभारा तापवला आणि दोष देवाच्या रागाला दिला, गयाबाईंच्या मनाला दिला. तेवढं सांगेन. नदीचंही सांगेन, गारपिटीचंही सांगेन. गाभाऱ्यात चार दिवे होते. बाहेर किती असतील, ते मला मोजता येणार नाही, हेही सांगेन. पण एक गोष्ट…”

“बोल.”

“लहानपणापासून एकच धरून बसलो आहे. तुम्हीच शिकवलंत. सगळं त्याचं. करणारा तो, करवणारा तो. हे खोटं असेल, तर मला सांगा. मी उद्या पहाटे मठ सोडून जाईन, पण खोटं बोलणार नाही.”

माईंनी हात पुढे केला आणि अंदाजानं त्याचा उजवा हात शोधला. तळवा उघडला. एकेक बोट चाचपलं. तर्जनीच्या टोकाशी येऊन थांबल्या. तिथला फोड त्यांना लागला.

वाटीतली उटी त्यांनी दोन बोटांवर घेतली. प्रसाद कपाळाला लावायचा असतो, म्हणून त्यानं सवयीनं डोकं खाली केलं.

माईंनी त्याच्या कपाळाला हात लावला नाही. ती सगळी उटी त्या एका बोटावर लावली, हळूहळू, सगळीकडून, देवाला लावतात तशी.

“खरं आहे ते,” त्या म्हणाल्या. “सगळं त्याचंच आहे, विद्याधर… हे एवढं बोट सोडून.”